राजारामपुरीतलं बिनपाटीचं डेटा रिकव्हरीचं दुकान, माझा अनुभव (साडेचार स्टार)

आधी पत्ता सांगतो कारण दुकानाला पाटी नाही. कोल्हापुरात, राजारामपुरीत जनता बाजारच्या अलीकडं एक झेरॉक्सवाला आहे, त्याच्या बाजूच्या अरुंद जिन्यानं वर जायचं. दारावर ए-फोर कागद चिकटवलाय, 'हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड रिकव्हरी', बास. गाडी लावायला जागा नाही, संध्याकाळी तर नादच करू नका. दुकान एक ताई चालवतात, वय असेल पस्तिशीचं, आणि मी अठ्ठेचाळीसचा असून मला पहिल्याच वाक्यात काका म्हणाल्या, असो.

माझं उद्यमनगरात छोटं पॅटर्न शॉप आहे, फाउंड्रीवाल्यांना कास्टिंगसाठी लागणारे पॅटर्न (ज्याच्यावरनं साचा काढतात तो नमुना) आणि कोअर बॉक्स (कास्टिंग आतनं पोकळ राहावं म्हणून साच्यात जो कोअर ठेवतात त्याचा साचा) आम्ही करून देतो. 2013 पासूनची सगळी ड्रॉइंग, ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, व्हीएमसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनचे प्रोग्राम, पार्टीचे मेल, सगळं एका 2 टीबीच्या पोर्टेबल डिस्कवर होतं, कारण पीसीत 256 जीबीची एसएसडी (आत काही न फिरणारी, चिपवाली डिस्क) आणि ती कायम भरलेली. आणि गंमत म्हणजे ह्या डिस्कला आम्ही सगळे 'बॅकअप' म्हणायचो. पीसीवरनं कट करून तिकडं पेस्ट केलं की म्हणायचं बॅकअप झाला. आता कट केल्यावर पीसीवर काय राहतंय? काही नाही. म्हणजे प्रत एकच, फक्त जागा बदलली. हे मला दहा वर्षांत एकदा पण सुचलं नाही आणि मी दिवसभर मायक्रॉनच्या गोष्टी करतो.

तर शॉपमध्ये कामाला असलेल्या आमच्या पोराचा झाडू मारताना वायरीत पाय अडकला आणि डिस्क चालू असताना टेबलावरनं शहाबादी फरशीवर पडली. पडली तेवढी पडली, वर एक ओरखडा पण नाही. परत लावली तर आतनं आवाज, टक्… टक्… टक्… दारावर कोणीतरी नखानं वाजवल्यासारखा, मग जरा थांबून परत तेच. विंडोजनं विचारलं फॉरमॅट करू का. तेवढ्यावर नाही म्हणालो, हीच काय ती त्या दिवसातली माझी अक्कल. बाकी वायर बदलून बघितली, दुसऱ्या पीसीला लावली, उलटी धरून बघितली, हळूच थोपटून बघितली, निदान वीस वेळा तरी चालू-बंद केली असणार. मेव्हण्याचा फोन आला, म्हणे प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव, त्यानं व्हिडिओ बघितलाय. बायको म्हणाली फ्रीजरमध्ये मासे आहेत, म्हणून ते राहिलं. माशांनी वाचवलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या कॉम्प्युटरवाल्याकडं नेली. नाव घेत नाही, माणूस चांगला आहे, प्रिंटर लई भारी दुरुस्त करतो. त्यानं डिस्क डबीतनं काढली, पीसीला जोडली, कुठलं तरी रिकव्हरी सॉफ्टवेअर लावलं आणि म्हणाला रात्रभर स्कॅन चालू दे, सकाळी बघू. सकाळी 14 टक्क्यांवर अडकलेलं आणि टकटक पहिल्यापेक्षा मोठी झालेली. तिथंच बसलेल्या एका गिऱ्हाइकानं ह्या ताईंचा पत्ता दिला.

आता खरा रिव्ह्यू. ताईंनी डिस्क लावली, मोजून चार-पाच सेकंद कान दिला आणि काढून ठेवली. मला वाटलं झालं, संपला विषय. तर त्यांनी वही काढली आणि विचारलं, "काका, ह्याच्या आधी हिला कोणी कोणी हात लावलाय? सगळं सांगा, लपवू नका, डॉक्टरकडं आल्यासारखं सांगा." किती वेळा चालू केली, किती तास चालली, स्कॅन कुठल्या सॉफ्टवेअरनं केला, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासायची कमांड) मारली का, कोणी झाकण उघडलं का, फ्रीजरमध्ये ठेवली का (!). सगळं लिहून घेतलं. रात्रभर स्कॅन म्हटल्यावर पेन थांबलं. मग म्हणाल्या, "पडल्यावर थेट आणली असती तर मी निम्म्या पैशात केलं असतं. आता मी बघतो, पण शब्द देत नाही." (पुण्याकडच्या लोकांसाठी: आमच्याकडं बायका पण 'मी बघतो' म्हणतात, टायपिंगची चूक नाही.)

मी जरा वाद घातला की स्कॅन म्हणजे नुसतं वाचणंच की, त्यानं काय बिघडतंय. तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधनं एक मेलेली, उघडलेली डिस्क काढून दाखवली. आतली तबकडी आरशासारखी आणि तिच्यावर कंपासनं काढल्यासारखा एक बारीक गोल चरा. ती तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते, आणि वाचणारं हेड तिला टेकत नाही, काही नॅनोमीटर वर तरंगतं. माणसाचा केस लाखभर नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, म्हणजे बघा अंतर केवढं. चालू असताना डिस्क पडली की हेड तबकडीवर आपटतं, वाकतं, आणि सॉफ्टवेअरला ह्यातलं काही कळत नाही, वाचता आलं नाही की ते परत वाच म्हणतं, परत वाच, परत वाच, आणि वाकलेलं हेड त्याच जागी रात्रभर फिरत बसतं. माझ्या भाषेत सांगायचं तर साच्यात कोअर सरकलाय हे दिसत असताना वरनं धातू ओतत राहायचं. हे ऐकल्यावर मी गप बसलो.

मी बसलेलो असतानाच एक कॉलेजचा पोरगा आला, लॅपटॉपमधला प्रोजेक्ट शिफ्ट-डिलीट केलेला. ताईंनी विचारलं एसएसडी आहे का, कधी उडवलं. एसएसडी, आणि परवा. म्हणाल्या "बाळा, हे अवघड हाय." डिलीट केलं की विंडोज एसएसडीला ट्रिमची कमांड पाठवतं, ते ब्लॉक रिकामे समजून चिप स्वतःच साफ करून टाकते, जुन्या फिरत्या डिस्कसारखं मागं पडून राहत नाही. वर म्हणाल्या तुझा प्रोजेक्ट मेलमध्ये, व्हॉट्सअॅपवर कोणाला पाठवलेला असेल तो शोध, गूगल ड्राइव्हवर होता आणि तिथनं उडाला असेल तर ट्रॅशमध्ये 30 दिवस राहतो, तिथं बघ. आणि एक रुपया घेतला नाही. माझा विश्वास इथं बसला, कागदाच्या पाटीवर नाही.

रेट: तपासणीचे 500, ते परत मिळत नाहीत. डेटा मिळाला नाही तर बाकी काही नाही. डिस्क न उघडता काम झालं तर साडेचौदा हजार. उघडून हेड बदलायची वेळ आली तर ते काम त्या इथं करतच नाहीत, पुण्याला लॅबमध्ये पाठवतात, कारण त्याला धूळ नसलेली बंदिस्त जागा लागते आणि तसल्याच मॉडेलची दुसरी डिस्क बळी द्यावी लागते, तो खर्च दुपटीच्या वर. हे सगळं आधीच कागदावर लिहून सही घेतली. महाग आहे का? आहे. पण एका पॅटर्नचं ड्रॉइंग नव्यानं करायला माझे दोन दिवस जातात आणि तिथं हजारो होती.

नऊ दिवस लागले. चौथ्या दिवशी बघायला गेलो तर डिस्क पीसी-3000 नावाच्या, बिघडलेल्या डिस्क वाचायच्या मशीनला जोडलेली, एक छोटा पंखा तिच्यावर वारा घालत होता, आणि स्क्रीनवर हिरव्या चौकोनांचा नकाशा, हिरवं म्हणजे वाचून झालेलं. मधनं मधनं सारख्याच अंतरावर न वाचलेले राखाडी पट्टे, फणीचा एक दात मोडल्यासारखे. माझ्या डिस्कमध्ये चार हेड, त्यातलं एक बाद. ताईंनी ते एक मशीनमधनं बंद करून बाकीच्या तिघांकडनं आधी सगळं वाचून दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी नक्कल उतरवली आणि मग शेवटी त्या दुखऱ्या हेडला थोडं थोडं, थांबत थांबत चालवलं. जेवढं देईल तेवढं घ्यायचं, जबरदस्ती करायची नाही. आणि फायली काढल्या त्या नक्कलेवरनं, मूळ डिस्कला परत हात नाही. हे त्या नेहमीच्यानं पहिल्या दिवशी केलं असतं तर… जाऊ दे.

हिशोब असा की ड्रॉइंग जवळजवळ सगळी आली, कारण फायली लहान, पट्ट्यांच्या मधल्या हिरव्यात बसलेल्या. मोठ्या असेंब्लीतल्या काही उघडत नाहीत. मार खाल्ला तो व्हिडिओंनी. आप्पांचा एक व्हिडिओ होता, गंगावेस तालमीतल्या त्यांच्या दिवसांबद्दल बोलतानाचा, चार मिनिटांचा. आता एक मिनिट चाळीस सेकंदांपर्यंत चालतो. "मग वस्ताद मला म्हणाले" एवढं म्हणतात आणि चित्र थांबतं. वस्ताद काय म्हणाले ते मला आठवत नाही आणि विचारायला आप्पा नाहीत. ताईंनी ती एक फाईल आणखी दोन दिवस लावून बघितली, वेगळे पैसे न घेता. नाही झालं.

तक्रारी: फोन उचलत नाहीत, मेसेज केला तर रात्री अकराला उत्तर. जीएसटीचं बिल मागितल्यावरच मिळालं. बसायला एकच खुर्ची आणि तीपण डगमगती. तो जिना गुडघेदुखीवाल्यांनी चढू नये, अर्धा स्टार त्याचाच कापलाय.

जाताना त्यांनी बॅकअपचं पण बसवून दिलं, पैसे फक्त डिस्कचे. म्हणाल्या तीन-दोन-एक: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक दुसऱ्या गावात नाहीतर निदान दुसऱ्या घरात. ही पद्धत पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरची, फोटोवाल्यांसाठी काढलेली. आता पीसीत मोठी एसएसडी टाकली, चालू काम त्याच्यावर. एक डिस्क रोज संध्याकाळी लावायची, कॉपी झाली की काढून कपाटात, लावून ठेवायची नाही, कारण उद्या रॅन्समवेअर (फायली लॉक करून पैसे मागणारा व्हायरस) आला तर जोडलेलं सगळं एकदम लॉक करतो. गूगल ड्राइव्हवर फक्त चालू वर्षाची ड्रॉइंग, फुकटच्या 15 जीबीत मावतील तेवढी, पण त्याला पण एकटा बॅकअप समजू नका म्हणाल्या, इथं उडवलं की तिथं पण उडतं.

मग तिसरी डिस्क. "ही घरी ठेवा काका, घर कुठं तुमचं?" म्हणलं शाहूपुरी, कुंभार गल्ली, तळमजला. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. 2019 ला पाणी, 2021 ला परत पाणी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या पाण्याचा आकडा 43 फुटांच्या वर गेला की आम्ही गाद्या उचलायला घेतो. दोघंबी हसलो. शेवटी ती डिस्क गडहिंग्लजला सासऱ्यांच्या कपाटात गेली, महिन्यातनं एकदा जातो तेव्हा बदलून आणतो. सासरे खूश, जावई दर महिन्याला येतो म्हणून. खरं कारण बायकोनं अजून सांगितलेलं नाही.

जुनी डिस्क ताईंनी परत दिली, वर मास्किंग टेप लावून त्याच्यावर मार्करनं 'चालू करू नये'. शॉपच्या ड्रॉवरमध्ये ठेवली होती. परवा आमच्या पोराला सापडली, हातात घेऊन माझ्याकडं आला आणि म्हणतोय, "मालक, एकदा लावून बघू काय?"