सोलापूरचा भुईकोट किल्ला: हातातल्या कॅमेऱ्याला मोकळा, स्टँडला नाही

सोलापुरात फोटोसाठी एकच जागा सुचवायची तर हीच. दुहेरी तट, खंदक आणि शेजारीच सिद्धेश्वर तलाव. काळ्या दगडामुळे कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि आकाश पांढरं होतं. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली ठेवा (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा).

किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचा. तिकीट 25 रुपये, व्हिडिओ कॅमेऱ्याचे आणखी 25. मोबाइल किंवा हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढायला वेगळा परवाना लागत नाही. घोडं अडतं ते स्टँड, रिफ्लेक्टर, लाइट आणि कपड्यांच्या बॅगा दिसल्यावर. स्टँड आणि लाइटला 1959 च्या नियमांप्रमाणे खात्याची लेखी परवानगी लागते, आणि चित्रीकरण करायचं तर त्याच नियमांतला परवाना: दिवसाला 50,000 रुपये, वर 10,000 अनामत. एका प्री-वेडिंगसाठी हा हिशोब कोणालाच परवडणार नाही. स्टुडिओच्या पॅकेजमध्ये ‘परवानगीसह’ लिहिलं असेल तर ॲडव्हान्स देण्याआधी त्या तारखेचा लेखी परवाना बघायला मागा. प्रवेशाची पावती म्हणजे परवाना नव्हे.

ड्रोन घरीच ठेवा. होटगी रोडचा विमानतळ जवळ आहे. 2021 च्या ड्रोन नियमांखालच्या हवाई नकाशात विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरच्या आत रेड झोन, म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उड्डाण नाही; 5 ते 8 मध्ये जमिनीपासूनच यलो, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाची परवानगी हवी. 250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून झोनचीही सूट आहे असं अनेकांना वाटतं. तशी सूट नाही. शिवाय स्मारकावर उडवायला पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळीच.

पहारेकऱ्याने स्टँड मिटायला सांगितला तर मिटा. तो त्याचा अधिकार आहे. फोटो डिलीट करायला लावण्याचा मात्र नाही. पोलिसांना कॅमेरा किंवा कार्ड जप्त करायचं असेल तर कारण आणि पंचनामा हवा, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 नुसार जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरणही. आवाज न चढवता पंचनाम्याची प्रत मागावी. कार्ड तोंडी हुकमावर काढून देऊ नये.

लाइट लावायचेच असतील तर शूट खासगी जागेत, मालकाच्या लेखी संमतीने करा. सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात आधी देवस्थानला विचारा, आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत तर सामान घेऊन जाऊच नका.