हाय-फाय सेटसाठी सोलर इन्व्हर्टर ऑन-ग्रिड की हायब्रिड?

सोलरला ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीविना थेट लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर बसवला म्हणजे गाण्याच्या सेटला शुद्ध वीज मिळते, हा समज लातूर-नांदेडकडं बराच आहे. प्रत्यक्षात तो महावितरणच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या एसी विजेच्या लाटेशी जुळवून घेत करंट सोडतो. लाइन कशी, तशीच वीज. शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडणारच. लाइन गेली की भर उन्हातही तो बंद होतो. तारेवर काम करणाऱ्याच्या जिवासाठी तशी सोयच केलेली असते.

हायब्रिड मात्र लाइन गेल्यावर बॅटरीवरून स्वतःची लाट तयार करतो, आणि खरी परीक्षा इथंच. अ‍ॅम्प्लिफायरचा पॉवर सप्लाय सलग करंट ओढत नाही, लाटेच्या टोकाशीच ओढतो. इन्व्हर्टर तोकडा असेल तर ते टोक चपटं होतं, बेस ढिला पडतो. त्यात फ्रिजचा कॉम्प्रेसर त्याच इन्व्हर्टरवर असेल तर विचारूच नका. प्युअर साइन वेव्हच, म्हणजे लाइनसारखी गुळगुळीत लाट देणारा इन्व्हर्टरच घ्यावा. स्क्वेअर वेव्हमध्ये, म्हणजे चौकोनी लाटेत, १५०, २५० हर्ट्झचे हार्मोनिक (५० च्या पटीतल्या जादा लहरी) असतात, त्यानं ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.

क्लास-डी (स्विचिंगवर चालणारा, कमी वीज खाणारा) अ‍ॅम्प असेल आणि लाइन फारशी जात नसेल, तर ऑन-ग्रिड पुरे; बॅटरीचा खर्च वाचवून चांगले स्पीकर घ्या. टोरॉइडल (गोल कड्यासारख्या) ट्रान्सफॉर्मरचा किंवा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल आणि भारनियमन नेहमीचंच असेल, तर माझं मत हायब्रिडला.

अर्थिंग दोन्हीकडं तपासा. उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावंच लागतं. मध्यम लहरींवर आकाशवाणी ऐकणाऱ्यांनी रेडिओ दोन्ही इन्व्हर्टरांपासून लांबच ठेवावा, त्यांच्या स्विचिंगची (वीज झपाट्यानं चालू-बंद करण्याची) खरखर त्यात हमखास शिरते.