दहावीनंतर रोबोटिक्सवाल्यांनी डिप्लोमा करावा की बारावी-सीईटी?

दोन्ही वाटांनी इंजिनिअर व्हायला सहाच वर्षं लागतात: डिप्लोमाची 3 अधिक पदवीची थेट दुसऱ्या वर्षापासून 3, किंवा अकरावी-बारावीची 2 अधिक पदवीची 4.

डिप्लोमाला प्रवेश दहावीच्या गुणांवर. शाळेत एल298एन ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) लावून रोबो रडतखडत चालवणाऱ्याला, हा ड्रायव्हर 12 व्होल्टांतले सुमारे 2 स्वतःच का खातो, हे इथे प्रयोगशाळेत कळतं. पुढे पदवीसाठी सीईटी ही प्रवेश परीक्षाही नाही, डिप्लोमाचे गुण चालतात. अडचण गणिताची: पदवीचं पहिलं वर्ष हुकतं आणि थेट एम-3 (इंजिनिअरिंग गणिताचा तिसरा पेपर) समोर येतं. अनेकांची केटी (विषय राहणं) तिथेच लागते, तेव्हा डिप्लोमा संपल्यावरच्या सुट्टीत एम-1, एम-2 उरकून घ्याच.

बारावीच्या वाटेत दोन वर्षं सोल्डरिंग गन कपाटात जाते. एमएचटी-सीईटीच्या 200 गुणांपैकी 100 एकट्या गणिताचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. रोबोटिक्सची पदकं कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) गुणवत्ता यादीत मोजत नाहीत (पालकांना हे पटवणं कठीण जातं).

पैशांचं गणित मात्र सारखंच. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएस या शुल्कमाफी योजनेच्या जागांमधून शिक्षण शुल्क माफ. पण त्याचा चॉइस कोड (अर्जात कॉलेज-शाखा निवडायचा क्रमांक) वेगळा असतो, तो पर्यायांत भरला नाही तर जागा मिळत नाही. विकास शुल्क भरावंच लागतं. शाहू महाराज शुल्क योजनेचा (सरकारी शुल्क सवलतीचा) अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ती लागू नाही. उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढा.

घरात पैशांची ओढाताण असेल तर डिप्लोमा बरा: तीन वर्षांनी थांबलं तरी हातात नोकरीजोगं काही असतं.