घरच्या घरी स्मोकी आय, आठ महिन्यांनंतर: तपकिरी संपत आली, काळी तशीच

स्मोकी आय म्हणजे कडा धुरासारख्या पसरवलेला डोळ्यांचा गडद मेकअप. माझ्या आयशॅडोच्या, म्हणजे पापणीवर लावायच्या रंगांच्या, पॅलेटमध्ये चार शेड आहेत. त्यातल्या मॅट तपकिरीच्या तळाचा पत्रा आता दिसायला लागलाय. ज्या काळ्या शेडसाठी पॅलेट घेतलं, तिच्यावर मात्र ब्रशचे चारदोन ओरखडेच आहेत.

सुरुवात गेल्या नोव्हेंबरात झाली. मावसबहिणीचं रिसेप्शन मुलुंडला होतं, म्हणून गोरेगावातल्या एका पार्लरमध्ये डोळे करून घेतले. तिथे कोरड्या पापणीवर थेट काळा रंग भरला. रिक्षाने हॉलवर पोहोचेपर्यंत तो डोळ्यांखाली उतरला होता. आईने बाजूला घेऊन विचारलं, "अगं, रडलीस का वाटेत?" बहिणीच्या लग्नाच्या अल्बममध्ये मी तशीच आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दुसऱ्याच आठवड्यात ठरवलं की हे आपलं आपण शिकायचं.

पहिले दोन महिने मीही काळ्यानेच सुरुवात करत होते. काळा रंग एकदा बसला की कडा विरघळवता येत नाही. घासत गेलं की डाग मोठा होतो आणि भुवईपर्यंत जातो. जानेवारीत क्रम उलटा केला आणि तिथून हात बसत गेला. आता आधी तपकिरी, झुबकेदार ब्रशने, पापणीच्या घडीच्या किंचित वर. हे करताना डोळा उघडा ठेवून आरशात सरळ बघते, कारण माझी पापणी घडीवर थोडी झुकते. डोळा मिटून लावलेला रंग उघडल्यावर आत गडप होतो. ब्रश हलका धरायचा, टोकाजवळ नाही, मागे. त्यानंतर त्याहून गडद चॉकलेटी फक्त पापणीवर, चपट्या ब्रशने थापून. काळा सगळ्यात शेवटी, तोही फक्त केसांच्या मुळाशी. धूर दिसतो तो तपकिरीच्या पसरलेल्या कडेमुळे. काळ्याचं काम रेघेपुरतंच.

राखाडी शेडबद्दल मात्र स्पष्ट सांगते. माझ्या सावळ्या रंगावर ती राख फासल्यासारखी दिसते. पांढरट बेस असलेल्या राखाडीचं गव्हाळ-सावळ्या त्वचेवर हेच होतं. तांबूस, चॉकलेटी, जांभळट छटा आपल्या रंगात मिसळून जातात. पॅलेट घेताना शेड मनगटाच्या आतल्या बाजूला लावून दुकानाबाहेरच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच चांगलं दिसतं.

आता पेन्सिल, कारण सगळ्यात जास्त वेळ मी तिच्यावर घालवलाय. आजी काजळ धरायची ते मी लहानपणी पाहिलंय: एरंडेलाची पणती, तिच्यावर पालथं घातलेलं तांब्याचं ताट आणि सकाळी खरवडलेली काजळी तुपात खललेली. ते बोटाने कितीही वेळ पसरवता यायचं, कारण तूप वाळत नाही. दुपारपर्यंत ते गालावर यायचं तेही त्याचमुळे. हल्लीच्या टिकाऊ काजळ पेन्सिलीत मेणाबरोबर उडून जाणारं द्रावण असतं. ते उडालं की मागे रंगाचा पातळ थर घट्ट बसतो. माझ्या पेन्सिलीला त्यासाठी अर्धा मिनिट लागतो. पसरवायचं ते त्या अर्ध्या मिनिटातच. मी दोन्ही डोळ्यांना रेघ ओढून मग ब्रश शोधायचे, तोवर पहिला डोळा वाळलेला असायचा. आता ब्रश हातात घेऊनच रेघ ओढते, एक डोळा पूर्ण करते, मगच दुसऱ्याकडे वळते. वर त्याच रंगाची पावडर हलकेच दाबते. या एका सवयीने दोन डोळे सारखे दिसायला लागले.

टिकण्याचं म्हणाल तर मुंबईत सगळा खेळ बेसवर आहे. माझं ऑफिस लोअर परळला. संध्याकाळी गोरेगावला उतरेपर्यंत गर्दीत घाम येतोच. कोरड्या पापणीवर लावलेली शेड दीड-दोन तासांत घडीत जमा होते. तांदळाएवढा कन्सीलर (डाग झाकायचं क्रीम) बोटाने थापून वर बिनरंगी पावडर लावली की चार तास निभावतं. आय प्रायमर, म्हणजे शेड धरून ठेवायला पापणीवर आधी लावायचं क्रीम, मी एप्रिलमध्ये घेतलं आणि मेच्या उकाड्यातही संध्याकाळपर्यंत घडी स्वच्छ राहिली. पॅलेटवर कमी खर्च करा, पण प्रायमर घ्या.

डोळे आधी करायचे, फाउंडेशन नंतर. गडद पावडर गालावर झडतेच. फाउंडेशनवर झडली तर पुसताना सगळंच निघतं.

खालच्या पापणीच्या आतल्या कडेला काजळ भरणं मी रोजच्यासाठी सोडलं. त्या कडेवरच तेलग्रंथींची तोंडं असतात आणि त्यातलं तेल अश्रूंवर थर धरतं, म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही. तिथलं काजळ अश्रूंत उतरतं, अकरा वाजेपर्यंत कोपऱ्यात काळा कण येतो आणि डोळा चुरचुरतो. लग्नाकार्याला रात्रीपुरतं भरते. एरवी बाहेरच्या कडेला तपकिरीची सावली पुरते. लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधी घालावी आणि मेकअप काढण्याआधी लेन्स काढावी.

काढण्यात मी सुरुवातीला फार चुकले. फेसवॉशने चोळून पापण्यांचे केस गळायला लागले होते. वॉटरप्रूफ काजळ तेलानेच सुटतं. आईचं खोबरेल उत्तम काम करतं, पण नंतर पंधरा मिनिटं सगळं धूसर दिसतं. मी आता हलवून वापरायचं, तेल आणि पाणी अशा दोन थरांचं रिमूव्हर घेते. कापूस मिटल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता ठेवायचा आणि मग खाली ओढायचा.

पावसाळ्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळते: पेन्सिल कुणालाही देत नाही, सख्ख्या बहिणीलाही. 2023 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत घराघरात डोळे आले होते, ते अजून लक्षात आहे. डोळे आले तर तेव्हाची पेन्सिल आणि मस्कारा टाकूनच द्यायचे. ब्रश दर रविवारी बेबी शाम्पूने धुते आणि आडवे वाळवते. उभे ठेवले तर पाणी दांड्यात उतरून डिंक सुटतो. जूनपासून त्यांना वाळायला दोन दिवस लागतात, म्हणून दुसरी जोडी घेतली.

पहिलं पॅलेट क्रॉफर्ड मार्केटबाहेर, फुटपाथवर स्वस्तात घेतलं होतं. डब्यावर ना कंपनीचा पत्ता, ना बॅच नंबर, ना मुदत. दुसऱ्या वापरालाच पापणी लाल झाली, ते फेकलं. परवाना क्रमांक आणि मुदत छापलेली नसेल तर डोळ्यांजवळ काही नेऊ नका. उघड्या डबीच्या चित्रात 6M किंवा 12M लिहिलेलं असतं, ते उघडल्यापासूनचे महिने. खड्याचा पारंपरिक सुरमा तर नकोच, त्यात बहुधा शिसं असतं.

आषाढात चुलतभावाचा साखरपुडा झाला, तेव्हा आईने स्वतःहून डोळे करून मागितले. तिला फक्त तपकिरी आणि मुळाशी पेन्सिल, बारा मिनिटांत झालं. पुढच्या वेळी पॅलेट घेणार नाही. तपकिरी शेडची सुटी डबी मिळते, तीच आणणार आहे.