मीटिअरची सीट, टायर आणि बाकीचे सामान

रॉयल एनफील्डची मीटिअर ३५० घेऊन ठाण्याहून माळशेजला निघालेल्या माणसाला मुरबाड ओलांडल्यावर इंजिनाची काही तक्रार सांगावीशी वाटत नाही. ३४९ सीसीचे ते इंजिन शांत आणि सोशिक आहे. सोसवत नाही ते कमरेला. क्रूझर ढंगाच्या या गाडीचे फुटरेस्ट पुढच्या बाजूला असल्यामुळे खड्डा दिसला तरी पायांवर भार घेऊन किंचित उठता येत नाही आणि प्रत्येक दणका थेट माकडहाडाला बसतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका दुकानात सीट, मागचा टायर, बॅगांसाठी सॅडल स्टे (बॅगा चाकापासून दूर धरणाऱ्या धातूच्या चौकटी) आणि जादा दिवे अशी चार कामे एकदम सोपवली. त्यांपैकी दोन उत्तम झाली, एक बरे झाले आणि एकाने भर पावसात अंधारात उभे केले.

सर्वांत समाधान सीटने दिले, आणि त्याचे श्रेय दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसणाऱ्या कारागिराला आहे. मालक जेलचे पॅड घ्या म्हणत होते, तर कारागिराचे म्हणणे असे की जेल उन्हात तापते आणि फोमचा आकारच चुकीचा असेल तर त्यावर काहीही ठेवून उपयोग नाही. त्याने मूळ रेक्झिनच्या पिना उपटल्या, मला उघड्या फोमवर बसवले, जिथे भार पडत होता तिथे खडूने दोन गोल काढले आणि तेवढा भाग लांब पात्याने कापून त्या जागी रंगीबेरंगी तुकडे दाबून बनवलेला घट्ट फोम बसवला. वर फक्त बोटभर मऊ थर दिला. हाताला ही सीट मूळ सीटपेक्षा कडक लागते, आणि दुकानात नुसती दाबून पाहणारा गिऱ्हाईक ती बहुधा नाकारेल. मूळ सीट तासाभरात दबून बसत असे, ही तीन तासांनंतरही तशीच राहते. सीटची उंची मुळात ७६५ मिमी आहे. पुढचे टोक रुंद केले असते तर मांड्या फाकून पाय जमिनीवर पुरे टेकले नसते, म्हणून त्याने रुंदी केवळ मागे वाढवली. शिवणही बसण्याच्या जागेवरून न नेता कडेने नेली, कारण पावसाचे पाणी सुईच्या भोकांतूनच फोममध्ये उतरते. या कामाला दोन दिवस लागले, आणि तोवर गाडी तिथेच ठेवावी लागली.

टायरच्या बाबतीत थोडा वाद झाला. मूळ माप १४०/७०-१७ असताना ‘दिसायला भारी’ म्हणून १५० रुंदीचा टायर सुचवण्यात आला. रिम तीच ठेवून टायर रुंद केला की तो कडांनी आवळला जातो, माथा अधिक गोल होतो, गाडी वळायला जड होते आणि चेनच्या बाजूची जागाही कमी होते. त्यामुळे मूळ मापावर मी ठाम राहिलो. त्यांनी आणलेला पहिला टायर कडेवरच्या चार अंकांनुसार तीन वर्षांपूर्वीचा निघाला (पहिले दोन अंक आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे). तसे दाखवताच कुरकुर न करता त्यांनी दुसरा मागवला, ही दुकानाची जमेची बाजू. भारांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) ६६, म्हणजे ३०० किलो, हे दोघे आणि सामान धरून पुरेसे आहे. नवा व्हॉल्व्ह न मागता बसवला. चेनचा ढिलेपणा मात्र मला सांगून तपासून घ्यावा लागला. नवा टायर सुरुवातीला गुळगुळीत असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर वळणांवर जपून चालवले.

सॅडल स्टे मजबूत आहेत आणि उजवी बॅग सायलेन्सरला टेकत नाही. ते बसवताना सारी गार्ड काढून टाकण्याचा फिटरचा बेत होता, तो मी थांबवला. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार आवश्यकच आहे, आणि मागे बसणाऱ्या व्यक्तीच्या ओढणीला नियम वाचता येत नाही.

दिव्यांचे काम मात्र अक्षम्य होते. वीस वॅटचे दोन दिवे मिळून जेमतेम सव्वातीन अँपिअर ओढतात, म्हणजे भार किरकोळ. तरी तो बॅटरीपासून स्वतंत्र फ्यूज आणि रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) यायला हवा. इथे हेडलाइटची वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळली होती. जुलैत घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर त्या सांध्यात पाणी शिरले, फ्यूज उडाला आणि हेडलाइटसह सगळेच विझले. मागून येणाऱ्या टेम्पोच्या उजेडात गाडी कडेला घेतली. दुकानदाराने पैसे परत केले, पण कापलेल्या वायरिंगची वॉरंटी आता कोण देणार, यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

सध्या दिवे काढून ठेवले आहेत. मागची सीट वेगळी असल्याने तिचे काम राहिले होते. माळशेजहून परतल्यावर पत्नीने ‘तुमचं झालं, माझं कधी?’ असे विचारले, तेव्हा पुढच्या शनिवारी ती त्याच कारागिराकडे न्यायची ठरले आहे. वायरिंगला त्या दुकानात पुन्हा कोणाला हात लावू देणार नाही.