पॉपीचं बी मस्त, लेबलाचं काय सांगू

नोव्हेंबरात इथे सोलापुरात होटगी रोडच्या एका नर्सरीतून (नाव टाकत नाही, माणसं वाईट नाहीत) शर्ली पॉपी या फुलझाडाचं बी आणि सहा रोपांचा ट्रे आणला. पाकिटावर मराठीत नुसतं 'खसखस', आणि काउंटरवरचा पोरगा म्हणतो उन्हाळ्यात याच्या मुळ्या माठात टाका, पाण्याला वास येतो. अरे बाबा तो वाळा! हिंदीत खस म्हणतात ते गवत. खसखस म्हणजे अनारशाला लावतो ती, आणि ती निघते अफूच्या बोंडातून.

घरी वेगळाच गोंधळ. शेजारच्या अक्कांनी पाकीट बघितलं, "गसगसे का?" (कन्नडमधे गसगसे, वरच्या मजल्यावर तेलुगूत गसगसालु, आमच्या एका जिन्यात तिन्ही चालतात) आणि लगेच आवाज बारीक करून, "अगं पोलीस येतील की!" भीती अगदीच खोटी नाही, 1985 च्या कायद्याने अफूचं झाड लावायला परवाना लागतो आणि तो एमपी, राजस्थान, यूपीच्या ठरावीक भागातच मिळतो. पण ती अफूची पॉपी, शास्त्रीय नाव पापावर सोम्निफेरम, म्हणजे झोप आणणारी. शर्ली ही पापावर रोइआस, इंग्लंडात शर्ली गावच्या एका पाद्र्याने शेतातल्या लाल रानफुलातून निवडत निवडत केलेली, हिच्यात अफू नाही. अफू शब्द तर ग्रीक ओपियनवरून अरबीमार्गे आलाय, मुळात अर्थ साधा, चीक. संस्कृतात त्याचं अहिफेन झालं, सापाचा फेस. हे अक्कांना सांगितलं नाही, कुंडीच फेकली असती त्यांनी.

आता माल. ट्रेतली सहाच्या सहा रोपं आठवड्यात गेली, पॉपीला मूळ हलवलेलं सोसत नाही, हे पैसे घेताना सांगायला नको? बी मात्र एक नंबर, कुंडीत नुसतं भुरभुरलं, वर माती पण नाही घातली. जानेवारीतली आमची गड्ड्याची यात्रा उरकली आणि कळ्या आल्या, लव असलेल्या, मान खाली घातलेल्या. एक दिवस सकाळी बघते तर मान ताठ, हिरवं टरफल खाली पडलेलं आणि आतली पाकळी ट्रंकेत कोंबलेल्या लुगड्यासारखी चुरगळलेली, दुपारपर्यंत सगळ्या सुरकुत्या गेल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाकळ्या जमिनीवर. मार्चच्या उन्हात झाडंच वाळली, सोलापूर आहे शेवटी.

बियाला चार स्टार, ट्रेला शून्य. परवा जाऊन लेबलाचं सांगितलं तर पोरगा म्हणे, "ताई, शर्ली लिहिलं तर घेतंय कोण?"