वर्षभर वाळवंट, तेही सुखद हवेत: कच्छ, थर, स्पिती की लडाख?

वाळवंट बघायचंय, पण उन्हाचा त्रास होतो आणि कडाक्याची थंडीही सोसत नाही, असं म्हणणारी मंडळी वर्षातून दोनदा हमखास भेटतात: एकदा दिवाळीच्या तोंडावर, एकदा मेच्या सुट्टीआधी. दोघांचा प्रश्न एकच, उत्तरं मात्र वेगवेगळी. ‘कुठलं वाळवंट चांगलं’ यापेक्षा ‘तुमच्या हातात कुठला महिना आहे’ यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे वाळवंटांच्या दोन जाती. कच्छचं रण आणि थर ही सखल, उष्ण वाळवंटं. हिमाचलमधलं स्पिती आणि लडाख ही उंचावरची, थंड. एका जातीचा हंगाम संपला की दुसरीचा सुरू होतो, म्हणजे कागदावर तरी वर्षभर कुठेतरी छान हवा मिळायला हवी. प्रत्यक्षात मध्ये दोन फटी राहतात: मार्चअखेर ते मे आणि पूर्ण ऑक्टोबर. बहुतेकांच्या सहली नेमक्या याच फटींत सापडतात, कारण शाळांच्या सुट्ट्याही तेव्हाच असतात.

‘सुखद’ म्हणजे काय ते आधी ठरवून घेऊ. माझा हिशेब साधा आहे: दुपारी तिशीच्या आत आणि पहाटे आठ अंशांच्या वर. खाली साधारण सरासरी दिली आहे, आधी दुपारचं कमाल तापमान, मग पहाटेचं किमान, सगळं अंश सेल्सिअसमध्ये.

| ठिकाण | जानेवारी | मे | जुलै | ऑक्टोबर |
|---|---|---|---|---|
| भुज | 27 / 10 | 39 / 26 | 34 / 26 | 36 / 22 |
| जैसलमेर | 24 / 8 | 42 / 26 | 38 / 27 | 36 / 21 |
| लेह | उणे 2 / उणे 14 | 17 / 3 | 25 / 11 | 14 / उणे 1 |

या सरासरीच्या आकड्यांवर फार विसंबू नका. थरमधल्या फलोदीत 19 मे 2016 रोजी 51 अंश नोंदले गेले, आणि चुरूचा पारा जून 2019 मध्ये 50.8 वर गेला. तेच चुरू थंडीत शून्याच्या आसपास येतं. हवा कोरडी असली की जमीन दिवसा भराभर तापते आणि सूर्य मावळला की तितक्याच वेगाने निवते, म्हणून या प्रदेशांत एकाच दिवसात पंधरा-सोळा अंशांचा फरक पडणं नेहमीचंच. मुंबईत राहणाऱ्याला याची सवय नसते. दुपारी टी-शर्टवर फिरलेला माणूस रात्री तंबूत कुडकुडत बसतो.

दुसरं कारण उंची. हजार मीटर वर चढलं की तापमान ढोबळमानाने साडेसहा अंशांनी उतरतं. जैसलमेर समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे, लेह साडेतीन हजारांवर. थरमध्ये उकडायला लागलं तर वर पळायला जागाच नाही. माउंट अबू आहे, 1,220 मीटरवर, पण तो अरवलीतला हिरवा डोंगर. मेमध्ये तिथे निम्मा गुजरात लोटतो आणि पावसाळ्यात धो धो कोसळतं. वाळवंट बघायला निघालेल्याने तिथे जाऊ नये.

हिवाळा: कच्छ की थर?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन्हीकडची हवा उत्तम असते, त्यामुळे इथे खरी निवड करावी लागते.

थंडी अजिबात सोसत नसेल तर कच्छ. त्यातही मुक्काम मांडवीला किंवा भुजला ठेवा. मांडवी समुद्रावर असल्यामुळे रात्री पारा फार उतरत नाही. नलियाच्या बाजूला मात्र सांभाळून. गुजरातमधलं सर्वांत थंड ठिकाण म्हणून हिवाळ्यात बातम्यांत पुन्हा पुन्हा येणारं नाव तेच. ते कच्छच्याच अबडासा भागात आहे, आणि माणसं कोटेश्वर, लखपत करताना तिथूनच जातात. पहाटेच्या प्रवासाला शाल नव्हे, जाड जॅकेट लागेल.

पांढरं रण कधी पांढरं असतं हे नीट समजून घ्या. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, ते आटून मिठाचा थर कडक व्हायला डिसेंबर उजाडतो. रणोत्सव त्याआधीच सुरू होतो, पण पाऊस लांबलेल्या वर्षी पहिल्या काही आठवड्यांत पायाखाली चिखल असतो आणि फोटोतलं रण दिसत नाही. माझ्या मते डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा रणाचा खरा काळ. जानेवारीतली पौर्णिमा गाठता आली तर उत्तम, पण धोरडोच्या तंबूनगरीचे दर तेव्हा डोळे पांढरे करतात. होडका किंवा आसपासच्या बन्नी भागात भुंग्यांत, म्हणजे तिथल्या गोल मातीच्या घरांत, राहिलात तर रण तेच दिसतं आणि रात्री लाउडस्पीकर ऐकावा लागत नाही.

धोलावीराला 2021 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि खावड्याहून रणातून जाणारा सरळ रस्ता झाल्यापासून लोकांची रीघ लागली. उत्खननाचा परिसर प्रचंड आहे आणि सावली जवळजवळ नाही. फेब्रुवारीतसुद्धा अकरानंतर चटका बसतो. सकाळी उघडताच आत शिरा.

थरचं गणित वेगळं. तिथे पहाण्यासारखं अधिक आहे, पसरलेलंही अधिक आहे आणि थंडी जास्त बोचरी आहे. जानेवारीत जैसलमेरजवळच्या सम किंवा खुडीच्या वाळूवर रात्र काढायची असेल तर पारा पाच-सहापर्यंत उतरेल असं धरून चला. बिकानेर आणि शेखावाटीचा पट्टा त्याहून गार, शिवाय धुकं. म्हणून क्रम असा लावावा: डिसेंबर-जानेवारीत जोधपूर, जैसलमेर, बाडमेर. बिकानेर फेब्रुवारीत. फलोदीजवळच्या खीचनमध्ये कुरजां, म्हणजे करकोचे, हिवाळाभर हजारोंनी असतात. गावकरी त्यांना रोज दाणे टाकतात आणि सकाळी सकाळी आकाश त्यांच्या आवाजाने भरतं. ज्यांना पक्ष्यांत रस नाही अशांनाही मी तिथे तासभर खिळून बसलेलं पाहिलं आहे.

दोहोंतून एकच निवडायचं झालं तर? घरात सत्तरीपुढची माणसं किंवा लहान मुलं असतील तर कच्छ. मुंबईहून संध्याकाळी वांद्र्याला गाडीत बसलं की सकाळी भुज, आणि पुण्याहूनही आठवड्यातून एक थेट गाडी आहे. एका ठिकाणी मुक्काम ठेवून रोज वेगळ्या दिशेला जाता येतं. हाताशी दहा-बारा दिवस असतील आणि रोज सामान बांधायचा कंटाळा नसेल तर थर. वांद्र्याहून जोधपूरला जाणारी सूर्यनगरी एक्सप्रेस सोयीची. विमानाने थेट जैसलमेर गाठता येतं, पण ती सेवा मुख्यतः हिवाळ्यापुरतीच.

घरून काम करणारे काही जण हल्ली महिनाभर मुक्काम ठोकायला जागा शोधतात. त्यांना माझं उत्तर जोधपूर, जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मोठं शहर आहे, नेट बरं मिळतं, आणि शनिवार-रविवारी वाळवंटात जाता येतं. मार्चमध्ये होळी उशिरा असली तर ती राजस्थानात बघायचा मोह होतो, पण तोवर दुपारचा पारा पस्तीसकडे निघालेला असतो.

मे: स्पिती की लडाख?

मेच्या सुट्टीत राजस्थानची हॉटेलं निम्म्या दराने मिळतात. घेऊ नका. लू, म्हणजे भाजणारा वारा, वाहायला लागली की दुपारी खोलीबाहेर पाऊल टाकता येत नाही, आणि आंधी आली तर खोलीतही वाळू येते.

मग उरतात डोंगरावरची दोन. इथे हवेइतकाच श्वासाचाही विचार करावा लागतो. मुंबईहून विमानाने लेहला उतरणारा माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून साडेतीन हजार मीटरवर पोचतो. पहिले दोन दिवस निव्वळ विश्रांती, भरपूर पाणी, दारू नाही, पळापळ नाही. सात दिवसांच्या टूरमध्ये हे दोन दिवस ‘स्थानिक स्थलदर्शन’ म्हणून भरून काढलेले दिसले तर टूर कंपनी बदला. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीटच काढू नका.

स्पितीला सिमल्याकडून गेलात तर शरीराला चढ हळूहळू अंगवळणी पडतो. सिमला 2,200 मीटरवर, कल्पा 2,900 च्या पुढे, ताबो 3,200 च्या पुढे आणि मग स्पितीचं मुख्य गाव काझा. पूहच्या पुढे झाडं विरळ होत जातात आणि नकळत तुम्ही वाळवंटात असता. ताबोचा मठ 996 सालचा, मातीचा, बाहेरून अगदी साधा. आतल्या अंधारात भिंतीवरची चित्रं दिसायला डोळ्यांना थोडा वेळ द्यावा लागतो. मनालीकडून कुंझुम खिंड ओलांडून येणारा रस्ता बहुधा जूनमध्ये खुला होतो. अटल बोगद्यामुळे रोहतांगचा अडथळा 2020 पासून सुटला, कुंझुमचा नाही. त्यामुळे मेमध्ये ज्या वाटेने गेलात त्याच वाटेने परत येण्याची तयारी ठेवा.

माझ्या व्याख्येत मात्र मेमध्ये दोन्ही बसत नाहीत. दिवस छान, रात्री गोठवणाऱ्या. ज्यांना पहाटे तीन अंश चालत नाहीत त्यांनी मुक्काम शक्य तितका खाली ठेवावा आणि दिवसा वर जाऊन यावं. लडाखमध्ये हीच युक्ती नुब्राच्या खोऱ्यात जमते, कारण दिस्कित, हुंदर लेहहून खाली आहेत आणि तिथे वाळूच्या टेकड्या नि दोन वशिंडांचे उंटही आहेत. पण तिथे पोचायला खार्दुंग ला ओलांडावी लागते, 5,359 मीटर. तिथे चहा पीत फोटोसाठी रांग लावण्यापेक्षा गाडी पुढे काढलेली बरी. मेमध्ये एकच जागा निवडायची तर मी सिमल्याकडून स्पिती निवडेन, निव्वळ चढाच्या सोयीसाठी.

एप्रिलचं एक अपवादात्मक आकर्षण: पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात लडाखच्या खालच्या गावांत जर्दाळू फुलतो. थंडी असते, पण गर्दी नसते.

पावसाळा

जून ते सप्टेंबर लडाखचा. लेहमध्ये वर्षभरात पडणारा पाऊस जेमतेम शंभर मिलिमीटर, तेवढा मुंबईत एका दिवसात पडून जातो. जुलैमध्ये तक्ता बघा: पंचवीस आणि अकरा, अगदी हवं तसं. ऊन मात्र भाजतं. टोपी, गॉगल, सनस्क्रीन ही चैन नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीमार्गे लडाखला किंवा किन्नौरमार्गे, म्हणजे सिमल्याकडच्या वाटेने, स्पितीला रस्त्याने जाणं मी टाळतो. कोरडा प्रदेश वर आहे, वाट मात्र दरडींच्या पट्ट्यातून जाते. किन्नौरमध्ये निगुलसरीला ऑगस्ट 2021 मध्ये कोसळलेल्या दरडीखाली बस गेली होती. लेहला विमानाने जा. आणि कोरडं म्हणून नदीनाल्याकाठी तंबू ठोकू नका: ऑगस्ट 2010 मध्ये लेहमध्येच ढगफुटीने हाहाकार उडवला होता.

लडाखमध्ये मला सर्वांत आवडतो तो सप्टेंबरचा पूर्वार्ध. सातूची कापणी चाललेली असते, पर्यटक ओसरलेले असतात, आकाश स्वच्छ. रात्री पाच-सहा अंशांवर येतात, तेवढी तडजोड चालते. लेहला बसून काम करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा: बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

या काळात थर? श्रावण-भाद्रपदात तिथे हिरवळ येते, रामदेवराच्या जत्रेला पायी निघालेल्यांनी रस्ते फुलतात. बघण्यासारखं आहे, सुखद नाही. दमट उकाडा असतो, आणि वाळवंटातही पूर येतो हे बाडमेरजवळच्या कवासने 2006 मध्ये अनुभवलं. कच्छ तर या काळात सोडाच. जूनमध्ये वादळांची भीती असते (2023 मध्ये बिपरजॉय जखाऊजवळच धडकलं) आणि छोट्या रणातलं घुडखर, म्हणजे रानगाढवांचं, अभयारण्य जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं.

ऑक्टोबर आणि दिवाळी

आपल्याकडची ऑक्टोबर हीट थरलाही चुकत नाही. जैसलमेरला छत्तीस, लेहला पहाटे उणे एक. दोन्हीकडे बिनसलेलं. म्हणून दिवाळीच्या सहलीचं ठरवताना आधी पंचांग बघा. 2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे भाऊबीज उरकून निघालात तर जोधपूर-जैसलमेर चालेल, दुपारी थोडं तापलं तरी. 2027 मध्ये ती ऑक्टोबरअखेर येते. त्या वर्षी दिवाळी घरी करावी आणि रजा नाताळसाठी राखून ठेवावी. ऑक्टोबरमध्येच जायचं असा हट्ट असेल तर पहिल्या आठवड्यात स्पिती, तेही जाड कपडे घेऊन. खालच्या खोऱ्यांत पॉपलर पिवळे झालेले दिसतील.

नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या गाड्यांचं आरक्षण आता साठ दिवस आधी खुलं होतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. नाताळात भुजला जायचं असेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी आठला तयारीत बसा, आणि परतीचं तिकीट हाती आल्यावरच धोरडोचे पैसे भरा.